उपाशी तळं

धुरवड्याचं तळं कारखाना आल्यावर स्वच्छ झालं, आणि सगळी भानगड इथूनच सुरू झाली. ते घाण झालं असतं तर लोक ओरडले असते, मोर्चे निघाले असते, वर्तमानपत्रांत मेलेल्या माशांचे फोटो आले असते आणि कारखान्याला कुलूप लागलं असतं. स्वच्छ तळ्याविरुद्ध मोर्चा काढायला कोण येणार?

कारखाना काजूच्या टरफलांचा होता. सोडियमच्या बॅटऱ्या घरोघर आल्या, त्यांच्या पोटात घालायला एक विशिष्ट कठीण कार्बन लागू लागला, आणि तो काजूच्या टरफलापासून फार झकास होतो असा शोध लागला. झालं! सिंधुदुर्गातला प्रत्येक काजूवाला आपण तेलाच्या विहिरीवर बसलो आहोत अशा थाटात वागू लागला. जी टरफलं लोक चुलीत घालत होते ती न्यायला ट्रक दारात यायला लागले. मुंबईला गेलेली धुरवड्याची पोरं परत आली, कारखान्यात लागली, त्यांची लग्नं जमली. अडचण एकच होती. काजू सोलताना बोटांची सालं काढणारं ते टरफलातलं तेल भट्टीआधी धुवून काढावं लागतं, आणि त्या धुवणात फिनॉलच्या जातीची रसायनं उतरतात. ते पाणी तळ्यात गेलं तर मासे मरणार, आणि तळ्याशिवाय ते जाणार तरी कुठे?

सरकारने परवान्यात अट घातली होती. तळं जिवंत असेल तोवरच कारखाना चालेल. तळ्याच्या मध्यावर एक पिवळी तरंगती पेटी बसवली. ती पाण्यात विरघळलेला प्राणवायू अहोरात्र मोजायची, आणि आकडा ठरल्या रेषेखाली गेला की कारखान्याची वीज आपोआप तुटायची. उद्योगही हवा आणि तळंही हवं, या दोन डगरींवर पाय ठेवायची ही सरकारी रीत.

यातून वाट काढली ती केतकी घाडीने. ही धुरवड्याचीच मुलगी. बाप तातू घाडी गावचा मानकरी. देवळात गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्याच्या घराण्याकडे. आई शेवंती तळ्याखालच्या मळ्यात उन्हाळी भात, म्हणजे वायंगण, आणि लाल भाजी करणारी. केतकी पुण्याला शिकली आणि तिथल्या प्रयोगशाळेत तिने एक जिवाणू घडवला. फिनॉल खाणारे जिवाणू निसर्गातही असतात, पण ते खातात आजाऱ्यासारखे, चघळत चघळत. केतकीने त्यांच्या जनुकांत फेरफार करून त्यांची भूक शंभरपट वाढवली आणि ते कारखान्याच्या खर्चाने तळ्यात सोडले. दगडांवर, कमळांच्या देठांवर, तळच्या चिखलावर त्यांचा बुळबुळीत थर चढला. धुवणाचं पाणी आलं की ते त्याचा फडशा पाडायचे, आणि जाता जाता तळ्यातली जुनी घाणही चाटून पुसून खायचे. पाणी इतकं निवळलं की काठावरून तळाशी फिरणाऱ्या शेंगट्या, मिशाळ मासे ते, दिसायच्या. पाहुणे आले की केतकी तांब्या बुडवून त्यांच्यासमोर घटाघटा पाणी प्यायची. टाळ्या पडायच्या. गावाने तिच्या जिवाणूंचं बारसं केलं आणि नाव ठेवलं ‘अधाशी’.

एक सोय तिने मुद्दाम करून ठेवली होती. हे अधाशी ओढ्याने नदीत आणि नदीतून खाडीत गेले तर कुणाच्या बापाला आवरले नसते. म्हणून तिने त्यांचा जीवच फिनॉलमध्ये अडकवला. बारा तास ते मिळालं नाही की त्यांचं कवच आतून विरघळायचं आणि ते फुटून मरायचे. या सोयीला पुण्यात बक्षीस मिळालं. चाचणी काचेच्या भांड्यात झाली होती. भांड्यातले चिमूटभर जिवाणू फुटले तेव्हा पाणी थोडं गढूळ झालं, इतकंच. तीन वर्षांनी तळ्यातले अधाशी चिमूटभर राहिले नव्हते. काढायचे म्हटले तर ट्रक लागले असते. एवढे सगळे एकदम मेले, तर त्यांच्या मढ्यांवर साधे रानटी जिवाणू तुटून पडणार, आणि कुजवण्याच्या त्या जेवणावळीत पाण्यातला सगळा प्राणवायू संपणार. केतकीला हे ठाऊक होतं. पण कारखाना रोज चालत होता. दिवाळीलासुद्धा भट्ट्या विझत नसत. मग काळजी कसली?

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तातू घाडी देवळातून आला तो जवळजवळ नाचतच.

"शेवंते, कौल झालो गो! रवळनाथान उजवो कौल दिल्यान. गाव पळतलो!"

गावपळण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातली थोडी गावं काही वर्षांनी एकदा, देवाने कौल दिला की, तीन रात्रींसाठी अख्खं गाव सोडतात. म्हातारे, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं घेऊन वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतात. गावात दिवा लागत नाही, चूल पेटत नाही, एक जीव मागे राहत नाही. कुणी म्हणतं त्या दिवसांत देव गावात फिरतो. कुणी म्हणतं जमिनीला आणि विहिरींना माणसांपासून सुट्टी मिळते. मला दोन्ही म्हणणी सारखीच शहाणपणाची वाटतात. धुरवड्याला मात्र कारखाना यायच्या आधीपासून कौल मिळाला नव्हता. देव रुसला की काय, अशी कुजबुज सुरू झाली होती, आणि तिचा रोख तातूकडे होता. तो आनंदला यात नवल नव्हतं.

केतकी पानावर बसली होती. घास हातातच राहिला.

"बाबा, आणि कारखानो?"

"कारखानो काय गावाभायर आसा? तो पण पळतलो. बेंद्रेसायबाक सांगून इलंय मी. तो तर माझ्यापेक्षा खूश."

"कधी?"

"पुढच्या सोमवारी."

महिनाभर आधी कळलं असतं तर धुवण हळूहळू कमी करत अधाश्यांची संख्या उतरवता आली असती. आठवड्यात ते होणं शक्य नव्हतं. केतकीने ताट बाजूला सारलं आणि बापाला सगळं समजावून सांगितलं. तातू मूर्ख नव्हता. त्याने मधे न बोलता ऐकलं.

"म्हणजे तुझ्या अधाश्यांका तीन रोज उपास जमाचो नाय."

"नाय."

"आणि ते मेले काय आमचे मासे पण घेवन जातले."

"मासे, कमळां, सगळा. आयेच्या वायंगणाक सोडूक पाणी उराचा नाय."

शेवंती दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला.

तातू मुलीकडे वळला. "ज्या तळ्याक तीन रोजांचो आराम सोसणा नाय," तो म्हणाला, "असला तळा तू केलंस कशाक गो?"

"पोरांका नोकऱ्यो होयो होत्यो, बाबा. कारखानो येवक होयो म्हणान सभेत पयलो हात तुमीच वर केलात."

तरी तातूने एक केलं, तेवढं माप त्याच्या पदरात टाकायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात गेला आणि मुदत मागायला पुन्हा कौल लावला. डावा पडला. परत येऊन त्याने चप्पल काढता काढता एवढंच सांगितलं, "देव नाय म्हणता. आता माझ्या हातात काय नाय." तातूच्या हातात काही नसतं तेव्हा धुरवड्यात कुणाच्याच हातात काही नसतं.

हर्षद बेंद्रे कारखान्याचे व्यवस्थापक. पन्नाशीचा, गोड बोलणारा, गावजेवणाला पंगतीत मांडी घालून बसणारा माणूस. कारखान्याच्या दुसऱ्या युनिटचा ठराव पुढच्या महिन्यात ग्रामसभेपुढे यायचा होता. पण पेटीतल्या आकड्यांनी दुसऱ्या युनिटचं घोडं अडलं होतं. तळं एका युनिटचं धुवण पचवत होतं. दोन युनिटांचं पचवणं अधाश्यांनाही जमलं नसतं.

"तुम्ही कारखाना बंद ठेवायला हो म्हणालात?" केतकीने त्यांना कचेरीत गाठून विचारलं.

"गावाची श्रद्धा आहे, मॅडम. आपण पाहुणे."

"सर, तीन रात्री बंद राहिला तर तळं मरेल."

"थोडंफार नुकसान होईल म्हणता?"

"थोडंफार नाही. सगळं मरेल."

बेंद्र्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळं?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि खुर्ची पुढे ओढून तिच्याकडून सगळी प्रक्रिया समजून घेतली. अधाशी कधी फुटतात, प्राणवायू किती वेळात संपतो, तळं पुन्हा जिवंत व्हायला किती काळ लागतो. निदान पंधरा-वीस वर्षं, ती म्हणाली. तिला वाटलं, चला, एकाला तरी गांभीर्य कळलं.

उपाय तिनेच सुचवला. धुवण आधीच टाक्यांत साठवायचं आणि तीन दिवस बेताबेताने तळ्यात सोडायचं. टाक्या तळ्याच्या खालच्या अंगाला, त्यामुळे पाणी वर चढवायला एक लहान पंप लागणार. पंप बॅटरीवर आपोआप चालेल. गावात माणूस राहणार नाही, दिवा लागणार नाही, कुणाला कळणारही नाही.

"करा," बेंद्रे म्हणाले. "फक्त तो पंप माझ्याही फोनवर जोडून ठेवा. काही कमीजास्त झालं तर असावा."

तिने जोडून दिला.

सोमवारी गाव पळालं. वेशीवरचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडच्या काजूंच्या बागेत झोपड्या उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर गावपळणीइतकी मजा लग्नातही नसते. एकमेकांशी वर्षभर न बोलणारे भाऊबंद एका चुलीवर कोंबडी शिजवतात. म्हातारे पत्ते कुटतात. शेवंतीने उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी केली आणि चार झोपड्यांना वाढली. तातू नव्या धोतरात सगळीकडे फिरत होता. एका चुलत्याने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "तातू, देव काय रुसलो नव्हतो हां!" तातूच्या चेहऱ्यावरचं ते हसू केतकीने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं. झाडाआड जाऊन तिने फोन बघितला. पेटीतल्या प्राणवायूची रेघ सरळ होती. अधाश्यांना घास मिळत होता.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. गावात माणूस असताना पंपाचा आवाज गिरणीत, मोटारसायकलींत, टीव्हीत बुडून गेला असता. रिकामं गाव किती गप्प असतं याचा अंदाज प्रयोगशाळेत येत नाही.

मंगळवारी रात्री जेवणं झाली, पोरं निजली, वारा पडला. धाकू परब नावाचे एक वयस्कर गृहस्थ व्हाळाच्या काठी तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वाकडी केली.

"तातू, हय ये. काय आयकाक येता तुका?"

तातूने कान दिला. पलीकडे, रिकाम्या गावातून, एकसुरी घूं घूं येत होती.

बघता बघता सगळे काठावर गोळा झाले. गावात कोणीतरी मागे राहिलं, ही ओरड झाली. बायकांनी आपापली माणसं मोजायला घेतली. तातूचा चेहरा पांढराफटक पडला. तो मागे वळला आणि त्याने गर्दीत बरोबर केतकीला शोधून काढलं.

"काय ठेवलंस गावात?"

खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "माणूस नाय, बाबा. पंप आसा. तळ्याक खावक घालता."

"गावात काय ठेवचा नसता."

"जीव ठेवचो नसता. ता यंत्र आसा."

"आमी कोंबडो पण मागे ठेवूक नाय!" धाकू परब ओरडले. "आणि तुझा यंत्र थंय बोंब मारता!"

केतकीने तिथेच, सगळ्यांसमोर, हात जोडून सांगितलं. पंप थांबला तर तळं मरेल. मासे जातील, पाणी जाईल. काहींनी ऐकलं. पण मंडळी, विचार करा. शे-दोनशे वर्षं लोक गाव सोडून गेले आणि परत आले. तळं कधी मेलं नाही. देवाने तीन रोज विश्रांती दिली म्हणून तळं मरतं, हे कुणाच्या गळी उतरणार? एक बाई तर हसलीच. "आराम केल्यार कोण मरता गो? काम करून मरतत!"

कुणीतरी बेंद्र्यांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"नमस्कार मंडळी," बेंद्र्यांचा आवाज आला. "काय म्हणता? पंप? गावात पंप चालू आहे?" त्यांच्या आवाजातला धक्का इतका सुरेख होता की क्षणभर केतकीलाही वाटलं, यांना खरंच माहीत नव्हतं. "कंपनीने असं काही सांगितलेलं नाही. तुमच्या परंपरेचा आम्हाला आदर आहे. मी आत्ता बंद करतो."

"सर, नको!" केतकी फोनकडे धावली. "सर, तुम्हाला मी सगळं सांगितलंय!"

घूं घूं थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केतकी व्हाळात उतरली. तळ्यापर्यंतची वाट धावत गेलं तर फार नव्हती. पंपाला हाताने चालवायचा खटका होता, तो दाबला की तळं वाचत होतं. पाणी घोट्याच्या वर आलं आणि मागून तातूचा आवाज आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर ती गेली असती, असं मला वाटतं.

"केतके, तू पलीकडे पाय ठेवलंस तर गावपळण मोडली. इतक्या वर्सांनी देव बोललो, तो माझ्या चेडवान खोटो पाडल्यान असा होयत. मगे माका बाबा म्हणान हाक मारू नको. माझ्या मढ्याक पण येव नको."

ती तशीच उभी राहिली. शेवंती काठावर बसून रडत होती. केतकीने पलीकडच्या वाटेकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि परत आली. मला तिचा राग येतो. तिच्या जागी मीही परत आलो असतो, याचा जास्त येतो.

बुधवारी दुपारी प्राणवायूची रेघ वाकली. केतकीने बापाला काजूखाली नेलं आणि फोन दाखवला. इथवर पंप चालू होता, इथवर रेघ सरळ. इथे पंप बंद केला, इथून बारा तास गेले, आणि ही बघा. रेघ त्याच्या डोळ्यांसमोर खाली उतरत होती. तातूने चष्मा लावून ती नीट पाहिली, बोट ठेवून पाहिली. त्याला कळलं. त्याने फोन मुलीला परत दिला.

"कोणाक दाखव नको," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी ढोल वाजवत गाव परतलं. वेशीवरच ढोल थांबला, कारण पुढे नाकाला पदर लावल्याशिवाय जाता येत नव्हतं. कुजक्या अंड्यासारखा वास होता. तळ्यावर राखाडी साय धरली होती आणि तिच्यात शेंगट्या पोटं वर करून तरंगत होत्या, लहान, मोठ्या, तीन वर्षं स्वच्छ पाण्यावर पोसलेल्या. काठावरच्या चिखलात खेकडे बाहेर येऊन मेले होते. एक म्हैस सवयीने पाण्याकडे गेली, हुंगून मागे फिरली आणि हंबरत राहिली. शेवंती मळ्याच्या पाटापाशी गेली. पाटात काळं पाणी उतरलं होतं. भाताची रोपं अजून हिरवी होती. आणखी चार दिवस ती हिरवी राहिली.

अटीप्रमाणे कारखान्याची वीज तुटली आणि तुटलेलीच राहिली. पोरं पारावर बसायला लागली. गावाने कारण शोधायला फार वेळ घेतला नाही. देवाच्या मर्यादेत यंत्र ठेवलं कुणी? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची आपल्याकडे जुनी हौस आहे, आणि इथे तर संन्यासी आपण होऊन कबूल झाला होता.

केतकी बेंद्र्यांकडे गेली तेव्हा ते नकाशे गुंडाळत होते.

"कारखाना कायमचा बंद होणार ना?" तिने विचारलं. तिला खरोखर तसंच वाटत होतं. आता निदान एवढं तरी होईल.

"बंद का? अट काय आहे, मॅडम? जिवंत तळ्याच्या पाण्याची गुणवत्ता राखणे. जिवंत तळं कुठे आहे? वरून पाहणी होऊन गेली. आता ते सांडपाण्याचा साठा म्हणून नोंदलं जाईल. साठ्याला प्राणवायूची अट नसते. पेटी काढून टाकतील. पहिलं युनिट पुढच्या आठवड्यात सुरू, दुसऱ्याचं काम पावसाआधी. गावाला नळाने पाणी देतोय आपण, बाहेरून आणून." ते हसले. "बॅलन्स साधायला लागतो."

"तुम्हाला माहीत होतं तळं मरणार."

"अर्थात. तुम्हीच तर सांगितलंत. इतकं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं आधी." त्यांनी नकाशाला रबर लावलं. "एक करा, काही दिवस पुण्याला जाऊन या. गावात तुमच्याबद्दल बरं बोलत नाहीत."

ती घरी आली. तातू ओटीवर बसला होता. तिने त्याला बेंद्र्यांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, उद्या देवळात गाव जमतला. तुमी रेघ बघितल्यात. तुमी सांगा. तुमचा गाव आयकता."

"काय सांगू?"

"खरा ता. पंप बंद केल्यान म्हणान तळा मेला."

"म्हणजे देवान कौल दिल्यान म्हणान मेला." तातूने मान हलवली. "तळा गेला, बाय. ता परत येणा नाय. आता देव पण गेलो तर ही माणसां कशाक धरून रवतली?"

"आणि मी?"

तातू उठला आणि आत गेला. शेवंती चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तातू रवळनाथासमोर उभा राहिला, हातात नारळ, आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवापुढे मांडलेली विनवणी. मानकरी एकेक वाक्य बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका तोंडाने होकार देतो. एकही तोंड मिटलेलं राहिलं तर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, असा समज आहे.

"बा देवा रवळनाथा, तुझी सगळी लेकरां आज तुझ्या दारार उभी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या हुकमान गाव पळालो, तुझ्या हुकमान परत इलो."

"व्हय म्हाराजा!"

"पण एका चेडवान तुझी मर्यादा मोडल्यान. यंत्र मागे ठेवल्यान. तेच्यापायी आमचा तळा गेला."

"व्हय म्हाराजा!"

"ता चेडू माझ्याच पोटचा आसा, म्हाराजा." तातूने नारळ दोन्ही हातांत धरला. "तरी तेचो दोष गावाक लावू नको. जो काय दोष आसात, तो तेच्या एकट्याच्या माथ्यार घाल."

"व्हय म्हाराजा!"

केतकीने त्या आवाजात आईचा आवाज ओळखला. मग देऊळ शांत झालं. तातू पुढचं वाक्य बोलेना. एकेक करून माना मागे वळल्या आणि खांबापाशी उभ्या असलेल्या केतकीकडे सगळा गाव पाहू लागला. एक तोंड मिटलेलं होतं.

शेवंती गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आली. तिने मुलीचा हात धरला, लहानपणी ताप आला की धरायची तसा.

"म्हण, बाय," ती हळूच म्हणाली. "तुझे बाबा उभे आसत. म्हण आणि मोकळा हो."

केतकीने बापाच्या पाठीकडे पाहिलं. तो वळला नव्हता. वाट पाहत होता.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

तातूने नारळ कपाळाला लावला. "आणि कारखान्याची जी दुसरी इमारत उभी रवताहा, तिका यश दी. गावच्या पोरांका थंय कामधंदो दी. म्हाराजा, गाव सुखी ठेव."

याला आलेला होकार आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. चपला काढून दारात उभे असलेले बेंद्रेही त्यात सामील झाले. त्यांचा उच्चार थोडा चुकला, पण कुणी हसलं नाही.